तेव्हा विचारलं असतं तर

७ ऑक्टोबर २०१३, सोमवार

माझी वकील मिस फेनविक हिने यादी मागितली होती. रॉलंड ट्वेडल यांना, म्हणजे मला, घरातली कोणती कामं स्वतःच्या हातांनी जमत नाहीत, त्याची यादी. ती माझ्या बायकोने, मेव्हिसने लिहिली, मला न विचारता. पाकीट चिकटवायच्या आत मी ती काढून वाचली. दोन पानं! खिडक्या पुसणं, भिंती रंगवणं, गाडी धुणं, गाडीचं तेल बदलणं, बागकाम, किरकोळ दुरुस्ती. आणि खाली वेगळ्या शाईत, मागाहून सुचल्यासारखं: बटणं, बुटाच्या नाड्या, बरण्यांची झाकणं, सुटे पैसे, दाढी.

जसं काही मी पाळण्यातलं पोर आहे.

म्हणून दुपारी मेव्हिसला ही वही आणायला पाठवली. यात खरं काय ते मी लिहिणार, आणि ही कुणाला दाखवणार नाही. सुतारी पेन्सिल मुठीत धरता येते. शेगडीजवळ बसलं की पानभर मजकूर सहज होतो.

आजचंच घ्या. सकाळी मी मागच्या खिडक्या साफ केल्या. शिडीवर मेव्हिस होती, कारण तिला शिडीची सवय आहे. मी खालून कुठे डाग राहिला ते दाखवत होतो. दुपारी परसदाराची बिजागरी बदलली. पेचकस तिने फिरवला. अर्ध्या तासाचं काम वीस मिनिटांत उरकलं. ज्याला काही जमत नाही त्याची कामं अशी होतात का?

१० ऑक्टोबर, गुरुवार

डरहॅमला मिस फेनविकच्या ऑफिसात गेलो. तिशीची पोरगी. आवाज लोण्यासारखा, प्रश्न दाभणासारखे.

"मिस्टर ट्वेडल, तुमचे जुने वकील मिस्टर गॅसकॉइन यांनी चूक कबूल केली आहे."

"मग संपलंच की!"

"नाही हो. खरं तर इथून सुरू होतं."

बावीस वर्षं मी कोल्डरिगच्या खाणीत हवेवर चालणारं ड्रिल धरलं. त्याच्या थरथरीने बोटांतल्या नसा मेल्या. थंडी लागली की बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात, मग त्यांत काय धरलंय ते कळत नाही. खाण बंद झाली आणि सरकारने भरपाईची योजना काढली. गॅसकॉइननी माझा अर्ज केला, बोटांची भरपाई १९९९ साली मिळवून दिली आणि फाईल बंद केली. योजनेत दुसराही एक भाग होता, तो त्यांनी मला सांगितलाच नाही. माणूस जी घरची कामं पूर्वी स्वतः करायचा आणि आता ज्यांना दुसऱ्याचे हात लागतात, त्यांची भरपाई वेगळी होती. तिची मुदत केव्हाच उलटली. म्हणून आता दावा गॅसकॉइनवर.

"चूक झाली एवढ्याने भागत नाही," मिस फेनविक म्हणाली. "चुकीमुळे तुमचं काही गेलं, हे दाखवावं लागतं. समजा, डॉक्टर मला एक औषध लिहून द्यायला विसरला. पण मी ते औषध घेणारच नव्हते. मग त्याच्या विसरण्याने माझं काय बिघडलं? कोर्ट तेच विचारणार. गॅसकॉइननी तेव्हा विचारलं असतं, 'ट्वेडल, घरच्या कामांना दुसऱ्याचे हात लागतात का?' तर तुम्ही काय म्हणाला असतात? आणि म्हणाला असतात ते खरं असतं का?"

"मला जमतं सगळं," मी म्हणालो.

मेव्हिसने टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट हाणला.

मिस फेनविकने पेन खाली ठेवलं. "मग आपल्याकडे दावाच नाही, मिस्टर ट्वेडल."

"आज सकाळी शर्टाची बटणं कुणी लावली ते विचारा त्याला," मेव्हिस म्हणाली.

"घाई होती," मी म्हणालो.

"घाई! वीस वर्षं घाईच चाललीय याची."

मिस फेनविक त्यानंतर बराच वेळ लिहीत होती. यात लिहिण्यासारखं काय होतं, देव जाणे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

क्लबात गेलो नसतो तर बरं झालं असतं.

जॅको कॉक्सन आणि मी अकरा वर्षं एकाच पाळीत होतो. खाणीत ज्याला जोडीदार म्हणतात, तो माझा जॅको. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "काय रे रोली, कोर्टात चाललास म्हणे हात पसरायला?"

"माझ्या हक्काचं मागतोय."

"हात कामाचे राहिले नाहीत म्हणतोस. पसरायला बरे चालतात!"

सगळे हसले. मीही हसलो, न हसून कुठे जाणार. जॅकोने स्वतः कधी अर्जच केला नाही. खाणीतल्या माणसाने भीक मागू नये, हे त्याचं पालुपद. तो असं म्हणतो तेव्हा मला आत कुठेतरी पटतं, हेच वाईट आहे. आपल्या गावात खोटे अर्ज केलेले दोघंतिघं मला ठाऊक आहेत. एक तर अजून छपरांवर चढतो. त्यांच्याच ओळीत मी उभा आहे का?

घरी आलो. मेव्हिसने माझे बूट काढले, पाय शेगडीकडे केले. तिला काही सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

गॅसकॉइनच्या बाजूने कागद आले. त्यात सप्टेंबर १९९९ च्या स्थानिक वर्तमानपत्रातला फोटो. मी क्लबच्या स्टेजवर उभा, पुढे टेबलावर तीन लीक आणि माझ्या हातात चषक. 'कोल्डरिगचा लीकसम्राट.' सोबत बॅरिस्टरची टिपणी: ज्या वर्षी वादीला म्हणे बागकाम जमत नव्हतं, त्याच वर्षी त्याने जिल्ह्यातले सर्वांत मोठे लीक पिकवले. वादीचा दावा जाणूनबुजून केलेला खोटा दावा आहे.

खोटा. टाईप केलेला शब्द. तो मी अंगठ्याने झाकून पाहिला.

लीक म्हणजे खायला कांद्याचं थोरलं भावंड, पण आमच्याकडे तो कुणी नुसता खाण्यासाठी लावत नाही. मांडीएवढा जाड करून सप्टेंबरात प्रदर्शनात मांडायचा. माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात, लीकचं खत विसरत नाहीत. आणि प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा नियम एका ओळीचा आहे: ज्याच्या नावाचा लीक, त्याच्याच हातचे कष्ट. तो मोडणाऱ्याच्या मुलांनाही लोक नावं ठेवतात. त्या वर्षी दुसरा नंबर जॅकोचा होता. मंडळाचा चिटणीस तेव्हाही तोच, आजही तोच.

"सांगून टाक," मेव्हिस म्हणाली.

"काय सांगू?"

"काय ते तुला ठाऊक आहे."

"ते लीक मी लावले, मेव्हिस. बियाणं माझ्या बापाचं. खताचं मिश्रण माझं. किती खोल, किती अंतरावर, सगळं माझं."

"हो रोली. आणि फावडं?"

"फावड्याला काय अक्कल लागते?"

ती वर गेली आणि तिने दार आपटलं. चादरी बदलायच्या असतील.

२५ डिसेंबर

टर्की छान झाली. मी कापली. म्हणजे कुठून कापायची ते मीच सांगतो, दरवर्षीप्रमाणे.

१९ जानेवारी २०१४, रविवार

मिस फेनविकचा फोन होता. अजून मागे फिरता येईल म्हणाली. रात्रंदिवस तोच विचार. मागे फिरलो तर तो टाईप केलेला शब्द तसाच राहणार. पुढे गेलो तर लीकचं विचारणार. 'मीच पिकवले' म्हणालो तर हात धडधाकट, दावा खोटा. 'बायकोने पिकवले' म्हणालो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मेव्हिसला विचारलं, "तू काय करशील?"

"मी? मला कधी कुणी विचारलंय का?" ती माझे मोजे उलटे करत होती. "मला त्या पैशांचं काही नाही, रोली. पण एका तरी माणसाने एकदा तरी कागदावर लिहावं, की हे सगळं कुणीतरी केलं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

न्यूकॅसलचं कोर्ट. न्यायाधीश एक बाई, पांढऱ्या केसांच्या, सारख्या खोकत होत्या. मला वाटलं होतं पिंजऱ्यात उभं करतील, पण बसायला खुर्ची दिली, आणि पाण्याचा पेला. मी पेल्याला हात लावला नाही. सांडला असता तर मुद्दाम सांडला म्हणाले असते.

गॅसकॉइनचे बॅरिस्टर मिस्टर डेव्हरू. उंच, फार सभ्य. सभ्य माणूस मला नेहमी जड जातो. सकाळभर खिडक्या, गाडी, रंग. मग दुपारी चारच्या सुमाराला तो फोटो.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"लीक कुणाचे?"

"माझे."

"लावले कुणी?"

"मी."

"वाढवले कुणी?"

"मीच."

"कुणाच्याही मदतीशिवाय?"

मी मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर मेव्हिस पर्स मांडीवर धरून बसली होती. न्यायाधीशबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, उत्तर उद्या सकाळी द्या. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर ट्वेडल, तुमची साक्ष अर्धवट आहे. उद्यापर्यंत तिच्याविषयी कुणाशीही एक शब्द बोलायचा नाही. वकिलांशी नाही, पत्नीशीही नाही."

वहीशी बोलायचं नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

बसमध्ये आम्ही दोघं गप्प. घरी येऊन गप्प. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काही सांगायचं नसतं तेव्हा आम्ही गप्प बसलो आहोत, सांगायचं असून गप्प बसलो ते आजच. बोलायचं नव्हतं म्हणून मी बघत बसलो. तिने माझा कोट काढला. टाय सोडला. बटणं वरून खाली, न बघता. मटण बारीक कापून ताटली माझ्यासमोर ठेवली आणि काटा उजव्या हाताच्या बोटांत बसवून दिला, बोटं एकेक करून मिटवली. हे ती रोज करते? कधीपासून? मला विचारायचं होतं, पण ते साक्षीविषयीच झालं असतं.

तिचे हात पाहिले. सांधे सुजले आहेत. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे, फावड्याचा असतो तसा. तसा माझ्या हाताला होता, खाणीत होतो तेव्हा. आता माझे तळवे पाद्र्यासारखे मऊ आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मेव्हिस उठायच्या आत चपलांवरच मळ्यात गेलो. बूट घालायला तिला उठवावं लागलं असतं. आमचा तुकडा खाणीच्या जुन्या भिंतीमागे आहे. फावडं घेतलं आणि म्हटलं, बघू तरी. एक हात लांबीचा चर, बस.

पहिला घाव बसला. दुसऱ्याला बोटं पांढरी पडली. तिसऱ्याला फावडं हातात आहे की नाही ते कळेना, म्हणून खाली पाहिलं तर ते पायाशी पडलेलं. कधी पडलं ते समजलंही नाही. वितभर माती उकरली होती. ते लीकचे चर तीस फूट लांब आणि कमरेइतके खोल असतात.

थंडीत किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. मागून मेव्हिस आली, हातात माझे बूट. तिलाही बोलायची मनाई होती. तिने मला उलट्या बादलीवर बसवलं आणि नाड्या बांधल्या.

आता कोर्टाचं लिहितो.

डेव्हरूंनी प्रश्न पुन्हा विचारला. कुणाच्याही मदतीशिवाय?

"नाही," मी म्हणालो. "चर मेव्हिसने खणला. खत तिने वाहिलं. रोपं तिने लावली, माती तिने चढवली. प्रदर्शनाच्या दिवशी ते उपटून धुतलेही तिनेच."

"मग तुम्ही काय करत होता?"

"सांगत होतो."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशबाई खोकल्या, पण तो नेहमीचा खोकला वाटला नाही.

डेव्हरू हसले नाहीत. "म्हणजे तुमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे तो चषक तुमचा नव्हता. तुम्ही वीसवीस वर्षांच्या मित्रांना फसवलंत."

"हो."

"एका चषकासाठी मित्रांना फसवणाऱ्या माणसावर या कोर्टाने का विश्वास ठेवावा?"

मनात जे आलं ते बोललो. "साहेब, तेव्हा खोटं बोललो ते माझे हात धड आहेत असं दिसावं म्हणून. आज ते नाहीत असं सांगतोय. यात मला काय मिळतंय ते माहीत नाही, पण लाज मात्र त्याच्या दसपट वाटतेय."

मला वाटलं आता सुटलो. पण तो माणूस नुसता पहिला बार उडवून वाट पाहत होता. अगदी हळू, सांत्वन केल्यासारखं म्हणाला, "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, मिस्टर ट्वेडल. १९९९ साली तुम्हाला मदत लागत होती, आणि ती तुम्ही साऱ्या गावापासून लपवत होता. मग माझ्या अशिलाने तेव्हा तुम्हाला विचारलं असतं, 'घरात दुसऱ्याचे हात लागतात का?' तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

आमच्या बाजूने कोर्टात बोलणाऱ्या बॅरिस्टरने मान खाली घातली. मिस फेनविकचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला तेव्हा कुठे कळलं. हो म्हणालो असतो असं म्हणणं खोटं. नाही म्हणालो असतो तर गॅसकॉइनच्या चुकीने माझं काहीच गेलं नाही, मी स्वतःच घालवलं असतं.

आताच एकदा खरं बोललो होतो. दुसऱ्यांदा ते थोडं सोपं जातं.

"बहुतेक नाही म्हणालो असतो," मी म्हणालो.

"धन्यवाद," डेव्हरू म्हणाले आणि बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मेव्हिस. टोपी सरळ करून खुर्चीत बसली. डेव्हरूंनी तिला फार विचारलंच नाही, काम झालं होतं. फक्त एवढंच, "तुमचे पती नाही म्हणाले असते, हे तुम्हालाही मान्य असेल?"

"अगदी. तो नाहीच म्हणाला असता."

"आभारी आहे."

"पण त्याला विचारतंय कोण?" मेव्हिस म्हणाली.

डेव्हरू अर्धे खाली बसलेले, तसेच थांबले.

"वकिलांचं पत्र आलं की पाकीट मी फोडते. त्याला पाकीट फुटतं का? वाचून मी दाखवते, फॉर्म मी भरते. तुमच्याकडे ९८ सालचे सगळे फॉर्म आहेत ना? बघा कुणाचं अक्षर आहे ते. बोटांच्या अर्जालाही हा नाहीच म्हणत होता. आठवडाभर फुरंगटून बसला होता. मी भरला, पुढ्यात ठेवला, मुठीत पेन दिलं, म्हटलं सही कर नाहीतर आज जेवायला नाही. केली की मुकाट्याने! दुसरा फॉर्म आला असता तर तोही तस्साच गेला असता."

न्यायाधीशबाईंनी फाईल मागवली. पानं उलटली. फार वेळ उलटली.

"आणि मिसेस ट्वेडल, त्यात लिहिलेलं सगळं खरं असतं?"

"बाई, खोटं असतं तर मी खिडक्या पुसत बसले नसते, घरी आराम केला असता."

परतताना बसमध्ये आता बोलायची मुभा होती. मेव्हिस खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. तिची पर्स मी दोन मनगटांत धरून ठेवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

निकाल महिन्याभराने. त्याआधी एक काम होतं.

चषक पिशवीत घालून क्लबात गेलो. पेपरात सगळं छापून आलं होतं, 'लीकसम्राटाची कबुली', त्यामुळे मी दारातून शिरताच बोलणं थांबलं. जॅकोच्या टेबलावर चषक ठेवला.

"नव्व्याण्णवचा. दुसरा नंबर तुझा होता."

जॅकोने चषकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अर्धी बिअर तशीच टाकून उठला आणि निघून गेला. चषक तिथेच. मग मंडळाने माझ्यावर दोन वर्षं बंदी घातली, हात वर करून मत घेतलं. त्याचं काही नाही, ते बरोबरच आहे. पण जॅको असा जायला नको होता. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

तरी बाहेर आलो तेव्हा अंग हलकं होतं. खाणीतून वर आल्यावर पहिला श्वास घेताना व्हायचं तसं.

२० मार्च, गुरुवार

जिंकलो!

मिस फेनविक स्वतः घरी आली, चाळीस पानांचा निकाल घेऊन. मला म्हणाली, सगळं नका ऐकू, हा एक परिच्छेद ऐका. तिने वाचला, आणि मेव्हिसने तो तिच्याकडून मागून इथे उतरवून दिला. पुढच्या ओळी तिच्या अक्षरात आहेत:

'वादी हा चांगला साक्षीदार नाही. आपण काय करतो असं विचारलं की पत्नी काय करते ते तो सांगतो, आणि दोन्हींत फरक आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. लबाड माणूस आपलं अपंगत्व फुगवतो. या माणसाने ते स्वतःपासूनही लपवलं. वकिलाने पत्र पाठवलं असतं तर वादी नाही म्हणाला असता, पण अर्ज मिसेस ट्वेडल यांनी भरला असता, आणि तो खरा असता, याविषयी मला शंका नाही.'

"म्हणजे मी खोटारडा नाही?" मी विचारलं.

"नाही, मिस्टर ट्वेडल," मिस फेनविक म्हणाली. "तुम्हाला नुसतं दिसत नव्हतं."

मेव्हिस मोरीशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. नळ उघडा, खाली भांडं नव्हतं. मी जवळ गेलो. "काय गं?"

"काही नाही. लिहिलं की त्यांनी."

मग ती चारच्या उन्हात खुर्चीत बसली ती तिथेच झोपली, तोंड उघडं टाकून. दिवसा झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मिस फेनविकला दार उघडून द्यायला मला जमलं नाही, पुढच्या दाराची मूठ गोल आहे. तिने उघडलं. मी म्हणालो, "आभारी आहे, मला जमत नाही ते." असं म्हणायला काही फार लागत नाही. दोन सेकंद.

३ एप्रिल, गुरुवार

मेव्हिस बहिणीकडे व्हिटबीला गेली, चार दिवस समुद्रावर. मीच पाठवलं. "करशील काय तू?" म्हणाली. "बघतो," म्हटलं. तिने सगळं मांडून ठेवलंय: बटणांऐवजी लोकरी बनियन, नाड्यांऐवजी चपला, झाकणं सैल केलेल्या बरण्या. फक्त एक मटणाचा सीलबंद पत्र्याचा डबा कपाटात पुढे आला आणि मला तोच खावासा वाटला.

अर्धा तास झगडलो. मग डबा काखेत धरून सरळ जॅकोच्या दारी गेलो. चषकानंतर तो माझ्याशी बोलला नव्हता. कोपराने दार वाजवलं.

"डबा उघडून हवाय," मी म्हणालो. "मला जमत नाही."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "आण इकडे," आणि डबा दोन तळव्यांत दाबून आत घेऊन गेला. मी बैठकीत उभा. आतून खडखड, मग धप्प, मग एक शिवी. पुन्हा धप्प. आत गेलो तर जॅको जमिनीवर बसलेला, डब्याला चार पोचे, आणि त्याची दहाही बोटं मेणबत्तीसारखी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबरच. एकच ड्रिल होतं ना आपलं? आळीपाळीने धरायचो."

"मग अर्ज का नाही केलास, गाढवा?"

"बेट्टी म्हणत होती कर. मी नाही म्हणालो." तो डब्याकडे बघत होता. "ती होती तोवर कळलंच नाही मला."

त्याची बायको बेट्टी गेल्याला दीड वर्ष झालं. "मग दीड वर्ष खातोस काय?"

"ब्रेड. आणि केळी. केळं दातांनी सोलता येतं."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. तो म्हणाला, "नव्व्याण्णवचे माझे लीकही बेट्टीचेच होते. म्हणून तो चषक मला घेववेना."

"म्हणजे चषक तिसऱ्या नंबराचा? हॅरी हेस्लॉपचा?"

"हॅरीचा? हॅरीला तर पाठीमुळे वाकताच यायचं नाही!"

मग जे हसू आलं ते थांबेचना. मला वाटलं त्याला काही होतंय की काय. डोळे पुसायला दोघांनाही रुमाल काढता येईना, बाह्यांनी पुसले. सोमवारी त्याला मिस फेनविककडे नेणार आहे. योजनेची मुदत गेली, दावा करायला त्याचा कुणी वकीलही नव्हता, त्यामुळे हाती काही लागणार नाही बहुतेक. पण घरी मदतीला माणूस मिळवायचा कसा, तेवढं तरी ती सांगेल.

डबा तिथेच ठेवून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात तळलेले मासे आणि बटाट्याच्या गरम चिप्स घ्यायला गेलो. गल्ल्यावर कुणाची तरी नात होती. जॅको पाकीट तिच्यापुढे सरकवून घसा खाकरला.

"पोरी, यातले पैसे तूच काढून घे. आणि पुड्या बांधू नकोस. आम्हाला दोघांनाही सोडता येत नाहीत."

"बरं आजोबा," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. जगबुडी झाली नाही.

बाहेर बाकावर बसलो. ऊन होतं. उघड्या कागदातल्या चिप्समध्ये दोघांनी बोटं खुपसून ठेवली, खायच्या आधी, नुसती ऊब घ्यायला. हळूहळू ती लाल झाली.